गावची एस.टी. आणि शहरचा रस्ता

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. पुसद, उमरखेड एका टोकाला. वणी, झरी-जामणी दुसऱ्या टोकाला. जिल्हा मोठा आहे. गावे लांब लांब पसरलेली आहेत. म्हणून गाव सोडून तालुक्याला किंवा यवतमाळला जाण्याची पाळी प्रत्येकावर येते. कोणाला दवाखान्यात जायचे असते. कोणाला बँकेत, कोणाला तहसील कचेरीत. मुलामुलींना शाळा-कॉलेजात जायचे असते.

जायचे तर कशाने? हा प्रश्न साधा दिसतो, पण साधा नाही. आपण कशाने जातो यावर शहरातला रस्ता मोकळा राहतो की तुंबतो, हे ठरते. आणि आपल्या गावात एस.टी. येते की बंद होते, हेही त्यावरच ठरते. कसे ते या धड्यात पाहू.

पूर्वीचा प्रवास

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी बंडी होती. कापूस बंडीत भरायचा आणि बाजाराला न्यायचा. पुढे इंग्रजांच्या राज्यात या मुलखातला कापूस नेण्यासाठी एक लहान आगगाडी आली. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत ती मूर्तिजापूरला जाई. तिचे रूळ अडीच फूट रुंदीचे होते. ही गाडी सरकारची नव्हती. ती एका इंग्रज कंपनीची होती. लोकांनी तिला लाडाने शकुंतला म्हटले. १९९४ सालापर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. मग डिझेलचे आले.

शकुंतला सावकाश चाले. पण तिचे तिकीट गरिबाला परवडे. आम्हीही तिच्यात बसलो आहोत. भाजीची टोपली, कोंबड्या, लेकरे, सारे एका डब्यात. पुढे रूळ जुने झाले. रस्त्यावर मोटारी वाढल्या. लोक तिकडे वळले. आज शकुंतला धावत नाही. गेल्यावर तिची आठवण सगळेच काढतात. पण आठवणीत बसून दवाखान्यात जाता येत नाही.

आता मोठ्या रुळांची रेल्वे येत आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड असा तिचा मार्ग आहे. त्यातला वर्धा ते कळंब हा भाग २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. चांगली गोष्ट आहे. पण रेल्वे गावागावात येणार नाही. स्टेशनापर्यंत जायलाही काही तरी लागेलच. ते काम एस.टी.चे आहे.

एस.टी. कोणाची?

पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्या गावाचे नाव आता अहिल्यानगर आहे. त्याच रस्त्यावर १ जून २०२२ रोजी विजेवर चालणारी पहिली एस.टी. धावली. मधल्या चौऱ्याहत्तर वर्षांत ही गाडी महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांत पोचली.

एस.टी.त कोणाला काय सवलत आहे, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवास फुकट आहे. ही सोय २०२२ साली सुरू झाली.

पासष्ट ते पंच्याहत्तर वर्षांच्या माणसांना अर्धे तिकीट आहे.

सर्व बायामाणसांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे.

पाचवी ते बारावीच्या खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी फुकट पास मिळतो. या योजनेला अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे.

आता विचार करा. म्हातारी माणसे, बायाबापड्या, शाळेच्या मुली. यांच्यापैकी किती जणांजवळ स्वतःची फटफटी आहे? फार थोड्यांजवळ. म्हणजे एस.टी. ही खरी त्यांची गाडी आहे.

शहरात रस्ता का तुंबतो?

सणाच्या आधी यवतमाळच्या दत्त चौकात जाऊन पाहा. पायी चालायला जागा सापडत नाही. लोक म्हणतात, "रस्ता लहान पडतो. रुंद करा." रस्ता रुंद केला की त्यावर आणखी गाड्या येतात. पुन्हा तुंबतो. मग खरे कारण काय?

एक हिशेब करू. एका एस.टी.त साधारण ४४ माणसे बसतात. ही एस.टी. रस्त्यावर सुमारे तीन मोटारींएवढी जागा घेते. तीच ४४ माणसे मोटारींनी आली आणि एकेका मोटारीत दोघे बसले, तर २२ मोटारी लागतात. माणसे तेवढीच, पण जागा सातपट! आणि मोटार चालते थोडी, उभी राहते फार. तिला दिवसभर उभे राहायलाही जागा लागते. एस.टी. माणसे उतरवते आणि पुढे जाते.

आता तेलाचा हिशेब पाहू. गाव तालुक्यापासून २० किलोमीटर आहे असे धरा. जाऊन येऊन ४० किलोमीटर झाले. एस.टी. एका लिटरला ५ किलोमीटर जाते असे धरू. तिला ८ लिटर डिझेल लागेल. फटफटी लिटरला ५० किलोमीटर जाते असे धरू. ४४ माणसे ४४ फटफट्यांवर गेली, तर ३५ लिटरहून अधिक पेट्रोल लागेल. एकेका फटफटीवर दोघे गेले, तरी साडेसतरा लिटर लागेल. हे तेल परदेशातून विकत आणावे लागते. आणि त्याचा धूर रस्त्याच्या कडेला बसून भाजी विकणाऱ्या बाईच्या छातीत जातो.

म्हणून केंद्र सरकारने २००६ साली शहरांतल्या वाहतुकीचे एक धोरण ठरवले. त्याचा गाभा असा: रस्त्याची वाटणी करताना गाड्या मोजू नका, माणसे मोजा. ज्या गाडीत माणसे जास्त, तिला वाट आधी. पायी चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला त्यांची जागा. अशा वाहतुकीला शाश्वत वाहतूक म्हणतात. शाश्वत म्हणजे टिकणारी. आजचे काम व्हावे, पण उद्याच्या लेकरांची हवा, तेल आणि जागा संपू नये, अशी.

धोरण चांगले आहे. पण कागदावरचे धोरण आपोआप रस्त्यावर येत नाही. पुण्याचे उदाहरण पाहा. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. नंतर तिथे दुचाकी आणि मोटारी फार वाढल्या. २००६ साली तिथे काही रस्त्यांवर फक्त बससाठी वेगळी वाट आखली. पण पुढे नगर रस्त्यावरची अशी वाट काढून टाकली. वाट आखणे एक, आणि ती सांभाळणे दुसरे.

रिकाम्या एस.टी.ची गोष्ट

आता आपल्या गावाकडे येऊ. एक शेतकरी आम्हाला म्हणाले, "गुरुजी, आता एस.टी.ची वाट कोन पाहीन? किल्ली फिरवली की निघालो." त्यांचे म्हणणे खोटे नाही. एस.टी. कधी उशिरा येते. कधी येतच नाही. माणसाचा रोज बुडतो. म्हणून जो तो फटफटी घेतो. ज्याला ती घेणे जमत नाही, तो काळीपिवळीत दाटीवाटीने बसतो.

पण पुढे काय होते पाहा. एस.टी.त माणसे कमी होतात. गाडी किती भरली याला एस.टी.चे लोक भारमान म्हणतात. भारमान घटले की उत्पन्न घटते. उत्पन्न घटले की फेरी कमी होते. दिवसाला चार फेऱ्या होत्या, त्यांच्या दोन होतात. फेऱ्या कमी झाल्या की उरलेली माणसेही दुसरी सोय पाहतात. शेवटी मुक्कामी गाडीही बंद होते.

मग त्या गावात कोण अडकते? ज्याच्याजवळ फटफटी आहे तो अडकत नाही. अडकते ती आठवीतली मुलगी. शाळा दहा किलोमीटरवर असते. बाप रोज सोडायला जाऊ शकत नाही, कारण वावरात काम असते. परक्याच्या गाडीवर मुलीला बसवायला आई तयार होत नाही. पास फुकट आहे, पण गाडीच नाही. मग शाळा सुटते. शाळा सुटली की घरात लग्नाचे बोलणे निघते. आम्ही शाळेत असताना अशा मुली पाहिल्या आहेत. त्यांची बुद्धी कमी नव्हती. त्यांच्या गावाची गाडी बंद झाली होती.

एका आजीबाईंनी आम्हाला सांगितले, "बापू, मले फटफटीवर बसता येत नाही. मले एस.टी.च पाहिजे." त्यांना दर महिन्याला दवाखान्यातून गोळ्या आणायच्या असतात.

२०२१ च्या शेवटी एस.टी. कामगारांचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्या महिन्यांत गावोगाव गाड्या थांबल्या होत्या. एस.टी. नसली की काय होते, हे तेव्हा सगळ्यांना कळले. ते विसरू नये.

फटफटीचा खरा हिशेब

फटफटी विकून टाका, असे आम्ही म्हणत नाही. वावरात जायला, रात्री दुखणेकऱ्याला न्यायला ती कामाची आहे. पण घेण्याआधी हिशेब करावा. एका घरात दुसरी घेण्याआधी तर जरूर करावा.

आपण म्हणतो, "तालुक्याला जाऊन आलो, ८० रुपयांचे पेट्रोल लागले." पण तेवढाच खर्च झाला का? समजा, गाडीचा हप्ता महिन्याला २,५०० रुपये आहे. ऑईल, टायर, दुरुस्ती मिळून ३०० रुपये धरू. झाले २,८००. महिन्यात दहा वेळा तालुक्याला गेलो, आणि गाडीचे दुसरे काम नसले, तर एका खेपेला २८० रुपये पडले. त्यात पेट्रोलचे ८० मिळवा. झाले ३६० रुपये! पेट्रोलचे पैसे खिशातून जाताना दिसतात. बाकीचे दिसत नाहीत.

एका दुसऱ्या देशाची गोष्ट

युरोपात हॉलंड नावाचा देश आहे. त्याला नेदरलँड्सही म्हणतात. तिथे मोटारी फार वाढल्या होत्या. १९७१ या एका सालात तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक लहान मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. "मुलांचे जीव घेणे थांबवा," असे म्हणाले. १९७३ साली तेलही महाग झाले. मग तिथे सायकलींसाठी वेगळ्या वाटा बांधल्या. आज त्या देशात मोठे अधिकारीही सायकलने कचेरीला जातात.

ते लोक जन्मापासून शहाणे होते असे नाही. त्यांनी एकत्र मिळून मागितले, आणि सरकारने दिलेले वापरले. दोन्ही केले.

काम दोघांचे आहे

सरकारचे आणि एस.टी.चे काम असे: गाडी वेळेवर सोडावी. शाळेची आणि दवाखान्याची वेळ पाहून वेळापत्रक लावावे. थांब्यावर सावली असावी. गाडी थांब्यावर थांबावी.

आपले काम असे: गाडी आली की तिच्यात बसावे. तिकीट घ्यावे. तालुक्याला एकट्याने जायचे असेल आणि घाई नसेल, तर फटफटी घरी ठेवावी. गाडी येत नसेल, तर चावडीवर बसून नुसते बोलू नये. ग्रामसभेत ठराव करावा आणि अर्ज करावा. तुम्हाला आता लिहिता येते. त्याचा उपयोग इथेच आहे.

अर्जाचा नमुना

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक,
एस.टी. आगार, ............

विषय: शाळेच्या वेळेला गाडी सुरू करण्याबाबत.

महोदय,
आम्ही मौजे ............ येथील रहिवासी आहोत. आमच्या गावातून ....... मुलीमुले ............ येथील शाळेत जातात. सकाळी ....... वाजता गाडी नसल्यामुळे त्यांची शाळा बुडते. म्हाताऱ्या माणसांनाही दवाखान्यात जाता येत नाही. तरी सकाळी ....... वाजता एक फेरी सुरू करावी, ही विनंती. गाडी सुरू झाल्यास आम्ही तिचाच उपयोग करू. ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल सोबत जोडली आहे.

आपले,
(सर्वांच्या सह्या)
दिनांक: ............

अर्जाच्या दोन प्रती कराव्या. एक द्यावी. दुसरीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्यावा आणि ती जपून ठेवावी.

शब्दांचे अर्थ

धोरण – पुढे कसे वागायचे याचे ठरवलेले नियम
शाश्वत – पुष्कळ काळ टिकणारे
भारमान – गाडी किती भरली याचे माप
आगार – एस.टी. गाड्या ठेवण्याची व सोडण्याची जागा
पोच – कागद मिळाल्याची खूण

प्रश्न

१. शकुंतला गाडी कोणत्या गावांवरून जात होती?
२. ४४ माणसे एस.टी.ऐवजी मोटारींनी गेली, तर किती मोटारी लागतील? एका मोटारीत दोघे धरा.
३. भारमान घटले की काय काय होते? क्रमाने सांगा.
४. आपल्या गावातल्या किती मुली एस.टी.ने शाळेत जातात? मोजून लिहा.
५. आपल्या घरच्या प्रवासाचा एका महिन्याचा खर्च लिहा. हप्ता आणि दुरुस्ती विसरू नका.
६. वरच्या अर्जातल्या रिकाम्या जागा भरा. पुढच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवा.