अभियांत्रिकीच्या जागा : मंजूर किती, भरल्या किती?

तांत्रिक शिक्षणाचा विस्तार सांगताना मंजूर प्रवेशक्षमतेचा आकडा पुढे केला जातो. तथापि, मंजूर जागा आणि प्रत्यक्ष शिकणारा विद्यार्थी यांत किती अंतर पडू शकते, हे महाराष्ट्राच्या अनुभवावरून ध्यानात येते.

पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ चे, तर मुंबईची व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक संस्था १८८७ ची. पुढे दीर्घकाळ जागा मोजक्याच राहिल्या. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली आणि चित्र पालटले. टंचाई ओसरली, कालांतराने रिकाम्या बाकांचा प्रश्न उभा राहिला.

हा प्रश्न केवळ या राज्याचा नव्हे. २०१६-१७ मध्ये देशातील अभियांत्रिकीच्या क्षमतेपैकी ४९.८ टक्केच वापरली गेली, असे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नेमलेल्या मोहन रेड्डी समितीने नमूद केले. परिषदेने २०२०-२१ पासून नव्या महाविद्यालयांना मान्यता देणे थांबविले. २०२३-२४ पासून ते पुन्हा खुले झाले. पाठोपाठ, चांगल्या संस्थांसाठी शाखेतील जागांची कमाल मर्यादाही उठली. परिणामी शहरांतील संगणक शाखा फुगतील आणि तालुक्याच्या ठिकाणच्या स्थापत्य व यंत्र शाखा ओस पडतील, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. साठ विद्यार्थ्यांच्या तुकडीत वीसच आले, तरी प्रयोगशाळा तेवढीच लागते. शुल्काचे उत्पन्न मात्र एक तृतीयांश होते. मग पहिली कात्री लागते ती अध्यापकांच्या वेतनाला. रस्ते, पूल, पाणीपुरवठा यांची कामे तर गावोगाव निघतच आहेत!

जागा रिकाम्या असूनही पात्र मुले बाहेर राहतात, ही बाब अधिक गंभीर होय. अकरावीत गणित सोडले की अभियांत्रिकीचा मार्ग बहुधा तिथेच खुंटतो. म्हणून दहावीच्या शिक्षकाचा सल्ला मोलाचा. राखीव जागेसाठी लागणाऱ्या जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावयास हवा. निकालानंतर धावपळ केल्यास प्रवेशाची फेरी निघून जाते. ग्रामपंचायतीने अशा विद्यार्थ्यांची यादी ठेवणे अवघड नाही. २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशालाच लागू आहे; व्यवस्थापन कोट्यातील जागा स्वीकारण्यापूर्वी पालकांना हे सांगितले गेले पाहिजे.