रत्नागिरी केव्हा पाहावी ?

लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, ब्रह्मदेशाच्या थिबा राजाने १९१० पासून १९१६ मधील आपल्या निधनापर्यंत जेथे वास्तव्य केले तो राजवाडा, १९३१ साली खुले झालेले पतितपावन मंदिर आणि सागराच्या लाटा झेलणारा रत्नदुर्ग यांमुळे रत्नागिरी शहराकडे पर्यटकांचा ओढा असतो. पूर्वी मुंबईची बोट पावसाळ्यात बंद राही. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाल्यापासून मात्र प्रवासाचा काळ हवामान पाहून ठरविता येतो.

येथील हवामान समुद्राने सौम्य राखले आहे. दुपारचे तापमान जानेवारीत सुमारे ३१ अंश सेल्सिअस, तर मे महिन्यात ३३ अंशांच्या आसपास असते. खरा फरक आहे तो रात्रीच्या गारव्याचा व हवेतील दमटपणाचा. जानेवारीत पहाटे पारा २० अंशांच्या जवळ उतरतो. मे महिन्यात तो रात्रीही बहुधा २५ अंशांच्या वर राहतो आणि घामाने जीव कासावीस होतो. हिवाळ्यात रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात, दुपारी खारे वारे सुटतात, आकाश निरभ्र असते. म्हणूनच नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ सर्वांत सुखावह होय. याच थंडीत हापूसच्या कलमांना मोहोर येतो.

पावसाळ्याचे रूप वेगळे. वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. हिरवाई पाहण्यास येणाऱ्यांनी अवश्य यावे. परंतु खवळलेल्या समुद्रात उतरण्याचे साहस करू नये. पट्टीचे पोहणारेही परतीच्या ओढीपुढे हतबल ठरतात. नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी बांधवही समुद्राचा मान राखतात, हे ध्यानी घ्यावे.

सर्वाधिक गर्दी होते ती मात्र मे महिन्यात. शाळांना सुट्टी व बाजारात आंबा. कोकणची पाणीटंचाई ऐन भरात येते तीही याच दिवसांत. सच्छिद्र जांभा खडक व तीव्र उतार यांमुळे पावसाचे पाणी झपाट्याने समुद्रास मिळते आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. आंब्यासाठी येणाऱ्यांनी एप्रिलचा उत्तरार्ध निवडावा व पाणी जपून वापरावे.

पर्यटक हिवाळ्यात विभागून आल्यास त्यांना शहर निवांतपणे पाहता येईल, स्थानिक व्यावसायिकांना अधिक महिने रोजगार लाभेल आणि उन्हाळ्यात गावच्या विहिरींवरील भारही हलका होईल.