‘पहिल्या फेरीनंतर देतो’ : केलेल्या कामाचे पैसे अडकले तर तक्रार कुठे आणि कशी करायची



नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. आता जेटीवर दुसरा मोसम सुरू होतो, उधारीचा. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या ६१ दिवसांत मशीन खोलतात, जाळी तुणतात, सुतार फळ्या बदलतो, रंग होतो. काम बंदीत होतं, पैसे मात्र ‘पहिल्या फेरीनंतर’. पहिली फेरी होते. मग ‘मासळी लागली नाही’, मग ‘चतुर्थी होऊ दे’, मग ‘डिझेलचं बिल भरायचंय’. असं करत पुढची बंदी येते आणि तोच मालक तेच मशीन घेऊन पुन्हा तुमच्या दारात!

गेल्या आठवड्यात एक मशीनवाला मेस्त्री आपली वही घेऊन आमच्याकडे आला. २२ जुलै २०२२ रोजी त्याने एका होडीचं मशीन पूर्ण करून दिलं होतं. सामान आणि मजुरी मिळून बिल ६२,००० रुपये. चतुर्थीला १०,००० रोख मिळाले, बाकी ५२,०००. तीन वर्षं तो मागत राहिला, मालक ‘देतो’ म्हणत राहिला. नाही असं एकदाही म्हणाला नाही. मेस्त्रीने आता विचारलं, ‘तक्रार कुठे करू?’ आम्ही तारीख बघितली आणि गप्प झालो.

मुदतीचा कायदा १९६३ चा आहे. केलेल्या कामाचे पैसे कधी द्यायचे ते ठरलेलं नसेल, तर काम पूर्ण झाल्या दिवसापासून ३ वर्षांत कोर्टात दावा लावावा लागतो. एजंटाला उधार दिलेल्या मासळीलाही ३ वर्षंच, माल दिल्या दिवसापासून. मेस्त्रीची मुदत २२ जुलै २०२५ ला संपली होती. तो आला ऑगस्टमध्ये.

‘पण तो तर देतो म्हणाला होता ना?’ तोंडी ‘देतो’ने मुदत वाढत नाही. मुदत संपायच्या आत मालकाने सही करून ‘इतके देणे आहे’ असं लिहून दिलं, तर त्या दिवसापासून नवी ३ वर्षं मिळतात. मुदतीच्या आत थोडे पैसे दिले तरी मिळतात, पण त्या पैशांची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीची हवी. आपण इथेच चुकतो. पावतीवर सही कोणाची असते? घेणाऱ्याची. मेस्त्रीने १०,००० घेतले आणि स्वतःच सही करून पावती दिली. ती पावती मालकाच्या कामाची, मेस्त्रीच्या नाही. म्हणून पुढे कोणी थोडे पैसे दिले की आपल्या वहीत ‘पैकी १०,००० दिले, बाकी ५२,०००’ असं लिहून खाली त्याची सही घ्या. अविश्वास वाटेल म्हणून लाजू नका, बँकसुद्धा आपल्याकडून सही घेतेच.

आता तक्रारीचं. बहुतेक जण आधी पोलीस ठाण्यात जातात. तिथे ‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा’ असं उत्तर मिळतं आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. पैसे न देणं एवढाच काही गुन्हा होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ म्हणजे जुनं ४२०. ते लावायला समोरच्याचा हेतू सुरुवातीपासूनच फसवण्याचा होता हे दाखवावं लागतं, म्हणजे खोटं नाव सांगितलं किंवा दुसऱ्याची होडी आपली म्हणून दाखवली, असं काही. मासळी लागली नाही म्हणून पैसे थकले, तर ती फसवणूक नव्हे.

दुसरे काही जण ग्राहक मंचाकडे धावतात. तो ग्राहकासाठी आहे. काम तुम्ही केलं, ग्राहक मालक आहे. ते दार तुमचं नाही.

तुमचं पहिलं पाऊल लेखी मागणी. वकील परवडत असेल तर वकिलाकडून, नसेल तर स्वतः लिहा, चालतं. साधारण असं:

‘आपल्या होडीच्या इंजिनाचे काम मी दि. __ रोजी पूर्ण करून आपल्या ताब्यात दिले. सामान व मजुरी मिळून रु. __ ठरले होते. पैकी रु. __ मिळाले, बाकी रु. __ येणे आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम द्यावी. न दिल्यास आजपासून व्याजासह वसुलीसाठी मी कायदेशीर कारवाई करीन.’

व्याजाचा शब्द विसरू नका. व्याज आधी ठरलेलं नसलं तरी लेखी मागणीच्या तारखेपासूनचं व्याज कोर्ट देऊ शकतं. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोच मागून घ्या, एक प्रत जपून ठेवा.

‘आमचा करार तोंडी होता’ म्हणून घाबरू नका. तोंडी करारही करारच. काहीच ठरलेलं नसेल तरी १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० आहे. फुकट करायच्या इराद्याने काम केलेलं नसेल आणि समोरच्याने त्याचा फायदा घेतला असेल, तर त्याला मोबदला द्यावाच लागतो. फक्त काम केलं हे दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी सामानाची बिलं, मशीन खोललेले फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं ठेवा. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मूळ मेसेज पुसू नका आणि फोन विकू नका, कारण कोर्टात त्याबरोबर कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

चेक मिळाला असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम, पण तिथे दिवस मोजून काम करावं लागतं. चेक त्यावरच्या तारखेपासून ३ महिन्यांत बँकेत टाका. परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, तीत चेकची नेमकी रक्कम हवी. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस. तरी दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी कोर्टात कलम १३८ खाली तक्रार. तुमचं खातं ज्या शाखेत आहे, तिथल्या कोर्टात ती करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘थांब, पुढच्या सोमवारी टाक’ असं म्हणत तो हे ३० दिवस घालवतो, सांभाळा.

चेक नसेल तर दिवाणी दावा. लेखी करार असेल तर ऑर्डर ३७ खाली झटपट दावा करता येतो. त्यात समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत समोरच्याला कोर्टात हजेरी नोंदवावी लागते आणि बचाव करायलाही परवानगी मागावी लागते. तोंडी करार असेल तर साधा दावा, त्याला वेळ लागतो.

दाव्याआधी लोकअदालत बघा. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्यायचा. समोरच्याला बोलावतात, दोघांचं जुळलं तर जो निवाडा होतो तो कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही. तो आलाच नाही तर मात्र काही होत नाही, हेही खरं. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो, अनुसूचित जाती-जमातींनाही. जाळी तुणणाऱ्या आणि मासळी विकणाऱ्या बायकांनी हे लक्षात ठेवा. हेल्पलाइन १५१००.

वर्कशॉपवाल्यांसाठी आणखी एक दार आहे. उद्यम नोंदणी मोफत होते. मासेमारी हा धंदा त्यात येत नाही, पण मशीन दुरुस्तीचं वर्कशॉप येतं. नोंदणी असेल तर मुदत ठरलेली नसताना १५ दिवसांत आणि ठरलेली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध कोर्टात जायचं तर मालकाला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. नोंदणी काम घेण्याआधीच करा, वाद झाल्यावर धावपळ करून उपयोग होईलच असं नाही.

आणि एक, जे आपल्यातले पुष्कळ जण उलटं करतात. मशीन किंवा जाळं तुमच्या वर्कशॉपमध्ये असेल आणि पैसे नंतर द्यायचं ठरलेलं नसेल, तर मजुरी मिळेपर्यंत ते अडवून ठेवायचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० ने दिलाय. पण एकदा हातातून दिलं की हक्क गेला. मग रात्री जेटीवर जाऊन मशीन उतरवून आणायचं नाही. तसं केलंत तर चोरीचा गुन्हा तुमच्यावर येतो आणि ५२,००० बाजूलाच राहतात. मालकाच्या अंगणात उभ्या होडीवर काम केलं असेल तर ती तुमच्या ताब्यात कधी नव्हतीच, त्यामुळे तिथे हा हक्क नाही.

खलाशांचा पगार आणि हिस्सा हा विषय वेगळा आहे, त्यावर पुढे स्वतंत्र लिहू.

त्या मेस्त्रीला आता एकच वाट उरलीय. मुदत संपलेलं देणंही ‘मी देईन’ असं स्पष्ट लिहून, सही करून दिलं, तर तो नवा करार धरला जातो. फक्त ‘बाकी आहे’ एवढं आता पुरत नाही, देण्याचं वचन हवं. सोसायटीतले दोघे त्याच्याबरोबर मालकाकडे जाऊन आले. मालकाने चहा दिला, ‘देतो’ म्हणाला, कागदावर सही केली नाही.

पण त्याच वहीत आणखी दोन बिलं निघाली, दुसऱ्या होड्यांची, जून २०२३ मधली. त्यांची मुदत जून २०२६ पर्यंत आहे. दोन्ही नोटिसा सोमवारी पोस्टात पडल्या.