क्रीडानगरीची पहिली सहल

अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत १९७१ सालीं उघडलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या क्रीडानगरींत आज चार मोठीं उद्यानें आहेत. तीं एकाच दिवशीं पाहण्याचा हव्यास धरूं नये. एका दिवसास एक उद्यान पुरे.

निघण्यापूर्वीं मुलांची उंची घरींच मोजावी. तेथील ‘स्पेस माउंटन’ या अंधारांत धांवणाऱ्या गाडींत बसावयास ४४ इंच उंची लागते. इंचभर उणा भरलेला धाकटा दारांतून परतला, तर सर्वांचाच आनंद मावळतो. त्यास हें आधींच समजावून सांगावें. सेवकांस सांगितल्यास आईबापांना आळीपाळीनें, पुन्हां लांब रांग न धरितां, बसतां येतें. दुपारीं विश्रांति घ्यावी.

सहलीचा बेत नेहमीं सर्वांत लहान पावलांच्या चालीनें आंखावा.