आवाजावर जगणारे दोन शिकारी

भंडारा हा भाताचा आणि तलावांचा जिल्हा. येथून वाहणारी वैनगंगा पुढे वर्धेला मिळते आणि प्राणहिता या नावाने गोदावरीत विलीन होते. गंगेच्या खोऱ्याशी तिचा संबंध नसल्याने गंगेतील डॉल्फिन तिच्या पात्रात आढळत नाही. तथापि, या डॉल्फिनप्रमाणेच आवाजाच्या आधारे अंधारात भक्ष्य शोधणारा एक शिकारी पक्षी गावांच्या आसऱ्याने राहतो. तो म्हणजे साधारण कावळ्याएवढा गव्हाणी घुबड.

दोन जीव, दोन रीती

गंगेचे पाणी गढूळ असते. डॉल्फिनच्या डोळ्यांत भिंगच नसल्याने त्याला केवळ उजेडाची जाणीव होते. तो सूक्ष्म ध्वनी सोडतो व माशावर आदळून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून त्याची जागा ओळखतो. गव्हाणी घुबड मात्र असा ध्वनी सोडत नाही; तो केवळ ऐकतो. त्याचे एक कर्णछिद्र वर, तर दुसरे किंचित खाली असते. उंदराची खसखस एका कानी आधी पोहोचली की डावी-उजवी दिशा कळते आणि दोन्ही कानांतील आवाजाच्या तीव्रतेतील फरकावरून उंची कळते. बशीसारखा चेहरा आवाज कानांकडे वळवितो. पिसांच्या मऊ झालरीमुळे उड्डाणही निःशब्द होते.

मान आणि उपेक्षा

डॉल्फिनला २००९ साली राष्ट्रीय जलचर प्राणी घोषित करण्यात आले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशातील पहिल्या नदी-डॉल्फिन गणनेत गंगा, ब्रह्मपुत्रा व बियास या नद्यांच्या खोऱ्यांत मिळून ६,३२७ डॉल्फिन असल्याचा अंदाज व्यक्त झाला. घुबडाच्या वाट्याला मात्र अपशकुनाचा कलंक आला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये दोघांनाही संरक्षण असूनही घुबडाला अंधश्रद्धेपोटी मारले जाते. वस्तुतः भातशेतीचा व कोठारांचा शत्रू असलेला उंदीर हेच त्याचे मुख्य अन्न होय.

ग्रामपंचायतींनी पोकळ, जुनी झाडे शक्यतो राखावीत. विषारी आमिषाने मेलेले उंदीर उघड्यावर न टाकता पुरावेत. ते खाल्ल्याने घुबडास विषबाधा होऊ शकते. शिक्षकांनी मुलांना घुबडाचे कान आणि त्याची उपयुक्तता समजावून द्यावी. दूरच्या डॉल्फिनविषयी कौतुक जरूर असावे. परंतु त्याच्याच तोडीची श्रवणशक्ती लाभलेला, बळीराजाचे धान्य राखणारा हा रात्रीचा राखणदार जगविणे सर्वस्वी गावाच्याच हाती आहे.