तापलेल्या लॅपटॉपचे निदान

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राच्या पोटात डोके घालू नये, असे काही वाचकांना वाटेल. परंतु आमच्या घरात लॅपटॉप एकच, तोही दुसऱ्याने वापरून विकलेला. त्यावर माझा अभ्यास चालतो, बहिणीचा चालतो आणि गल्लीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्जही भरले जातात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार संपला, म्हणून आम्ही विंडोज ११ घेतली आणि दुसऱ्या दिवशी यंत्र तव्यासारखे तापू लागले. दुरुस्तीच्या एका दुकानात सांगण्यात आले, "मदरबोर्ड गेला, साडेचार हजार लागतील." ही वडिलांची नऊ दिवसांची मजुरी. तेव्हा आधी ताप कशाचा हे पाहावे, असे मी ठरविले.

प्रोसेसरला मिळणारी जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णता होते. काम जितके अधिक, तितकी उष्णता अधिक. नवी प्रणाली आली की ती गुपचूप पुष्कळ कामे उरकीत असते: सर्व फायलींची शोधसूची नव्याने करणे, विषाणूंची तपासणी, राहिलेले भाग उतरवून घेणे. आपण नुसते टंकलेखन करीत असतो आणि आत मात्र लग्नघराची धांदल! कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. 'सीपीयू' या स्तंभावर टिचकी मारली की सर्वांत अधिक राबणारा वर येतो. आमच्याकडे 'सर्च इंडेक्सर' आणि 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्यूटेबल' ही दोन नावे वर होती. दोन्ही विंडोजचीच. चार्जर लावून यंत्र रात्रभर टेबलावर चालू ठेवले. तिसऱ्या दिवशी आकडा खाली आला. मदरबोर्ड शाबूत होता.

तरीही दुपारी यंत्र तापतच होते. याचे कारण प्रणालीत नव्हते. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडेच जाते. खोलीतली हवाच चाळीस अंशांची असेल तर पंख्याने फेकायची कोठे? त्यात खालच्या जाळीत धूळ, आणि यंत्र गादीवर ठेवलेले असले म्हणजे श्वासच कोंडतो. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःच वेग कमी करतो, त्यानेही भागले नाही तर यंत्र बंद पडते. यंत्र मंद झाले ही तक्रार पुष्कळदा याच तापाची असते.

यंत्र पूर्ण बंद करून मऊ ब्रशने जाळी साफ करावी. सेटिंग्जमधील पॉवर मोड 'बेस्ट पॉवर इफिशियन्सी'वर ठेवावा; वेग थोडा कमी होतो, पण निबंध लिहायला वेग लागतो कोणाला? टास्क मॅनेजर शांत असूनही ताप आठवडाभर टिकला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेचा ड्रायव्हर 'रोल बॅक' करता येतो का ते पाहावे. प्रोसेसरवरचा लेप वर्षानुवर्षांनी वाळतो, तो बदलणे मात्र जाणत्या कारागिराचे काम.

टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल, तर यांपैकी काहीही करीत बसू नये. ती बॅटरी फुगलेली असते. चार्जर काढावा, यंत्र बंद करावे, बॅटरीला टोचू अथवा दाबू नये, आणि यंत्र त्याच दिवशी दुकानात न्यावे.