भुतांचा फराळ

हॅलोविनला घरच्यांसाठी भुताखेतांचा खाऊ करायला घेणार असाल, तर एक नियम आधीच ठरवून टाका: ताटात, वाटीत, पेल्यात जे जे दिसतं ते चावून गिळता आलंच पाहिजे. डोळे, नखं, रक्त, धूर, सगळ्यांना हाच नियम. टूथपिकचे सुळे नकोत, प्लास्टिकचे कोळी नकोत, सरबतात बुडवलेल्या चमकणाऱ्या कांड्या तर नकोतच. लहान मूल सजावट आणि खाऊ यांत फरक करत नाही, आणि अंधारात मोठ्यांनाही तो कळत नाही.

न्यू जर्सीत आल्यावर सुरुवातीला मला हे सगळं फार गमतीचं वाटायचं. मग एका शेजाऱ्यांच्या पार्टीत ड्राय आइसचा प्रकार पाहिला. काचेच्या मोठ्या भांड्यात लालभडक कोकम सरबत, त्यात यजमानांनी ड्राय आइसचे खडे सोडले. पांढरा धूर काठावरून ओघळून टेबलावर पसरला, मुलं किंचाळली, सगळ्यांनी मोबाइल काढले. थोड्या वेळाने धूर ओसरला आणि पेले भरायला सुरुवात झाली. एका चिमुरडीच्या पेल्यात शेंगदाण्याएवढा खडा आला. ती तो बर्फ समजून तोंडात टाकणार, तेवढ्यात तिच्या आईने मनगट धरलं.

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तापमान उणे 78 अंश सेल्सिअस. जिभेला चिकटला तर भाजल्यासारखी जखम होते, गिळला गेला तर पोटात इजा होते. शिवाय साध्या बर्फासारखा तो तरंगत नाही, तळाशी बसतो. म्हणजे धूर दिसेनासा झाला तरी एखादा तुकडा खाली असू शकतो आणि पळी नेमकी तिथूनच फिरते. धूर हवाच असेल तर भांड्यात भांडं ठेवा: बाहेरच्या मोठ्या भांड्यात कोमट पाणी आणि ड्राय आइस, आतल्यात सरबत. धूर तेवढाच येतो. खडे चिमट्याने उचला, खिडकी उघडी ठेवा, आणि उरलेला ड्राय आइस झाकण घट्ट लावून कशातही ठेवू नका. त्याचा वायू होत राहतो आणि बंद डबा फुटतो. गाडीतून आणतानाही काचा खाली हव्यात.

काळ्या रंगाचा किस्सा आमच्याच घरातला. त्या वर्षी सासूबाई पुण्याहून आलेल्या होत्या. काळे बन करायचे म्हणून मी ॲक्टिव्हेटेड चारकोलची पूड मागवली. पुडी हातात घेऊन त्या म्हणाल्या, "अगं, कोळशाने आम्ही दात घासायचो, खात नव्हतो." हसण्यावारी गेलं असतं, पण त्यांची थायरॉइडची गोळी चालू होती. विषबाधेत डॉक्टर हाच कोळसा देतात, कारण पोटातली द्रव्यं तो स्वतःला चिकटवून घेतो. औषधाची गोळीही त्याला परकी नाही. तिचा असर कमी होऊ शकतो. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने 2018 मध्ये हॉटेलांतल्या पदार्थांत तो वापरायला मज्जाव केला तो उगाच नाही. काळा रंग कोकोच्या गडद पुडीने छान येतो. नाचणीच्या पिठात ती मिसळली की जळक्या ओंडक्यासारखी बिस्किटं होतात. काळे तीळही चालतात, पण तिळाची ॲलर्जी असणारे असतात. अमेरिकेत 2023 पासून पाकिटावर तिळाचा उल्लेख सक्तीचा आहे.

आता मला सगळ्यात आवडणारा पदार्थ, चेटकिणीची बोटं. नानखटाईचंच पीठ घ्या, पण तूप थोडं कमी, नाहीतर बोटं ओव्हनमध्ये पसरून लाटण्याएवढी होतात. करंगळीहून बारीक वळा, मधल्या पेरावर सुरीच्या पाठीने तीन चिरा द्या, टोकाला बोटाने खड्डा करा आणि भाजण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. नखासाठी सगळे बदाम लावतात. मी भोपळ्याची सोललेली बी लावते. ती हिरवट असते, त्यामुळे नख खरोखर कुजकं दिसतं, आणि सुकामेवा न चालणारं मूलही खाऊ शकतं. खाली थेंबभर लाल जॅम. मूळ पाकृतीपेक्षा हे कितीतरी किळसवाणं दिसतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

डब्यातल्या लिचीत ब्लूबेरी बसवली की हुबेहूब डोळा होतो. पण अख्खी लिची, अख्खं द्राक्ष लहानग्यांच्या घशात अडकतं. चार वर्षांखालच्यांना उभे चार तुकडे करूनच द्या, डोळा बिघडला तरी चालेल. जेलीतल्या अळ्या आणि मार्शमेलो यांत बहुधा जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून येतं. शाकाहारी पाहुणे असतील तर चायना ग्रास वापरा. ताज्या अननसात जिलेटिन जमत नाही, चायना ग्रास मात्र जमतं.

उकडीच्या मोदकांना डोळे लावून भुतं करायचा माझा बेत सासूबाईंनी साफ मोडून काढला. नैवेद्याचं भूत करायचं नाही. मग इडल्यांची भुतं झाली, ऑलिव्हच्या डोळ्यांची. 2024 मध्ये तर नरक चतुर्दशी नेमकी 31 ऑक्टोबरला आली होती. गोव्यातल्या माझ्या मैत्रिणीकडे पहाटे नरकासुर जळला आणि आमच्याकडे संध्याकाळी दारात भुतं आली. अशा वर्षी काळ्या-लाल रंगाचं काम फराळाचं तळण आटोपल्यावरच काढा.

कॅरॅमल लावलेली सफरचंदं करणार असाल तर ती ओट्यावर ठेवू नका. 2014 च्या शेवटी अशा तयार सफरचंदांतून लिस्टेरियाचे जंतू पसरले आणि 12 राज्यांतली 35 माणसं आजारी पडली. काडी खुपसली की सफरचंदाचा रस वर येऊन कॅरॅमलच्या थराखाली साचतो आणि त्या ओलीत जंतू वाढतात. करून लगेच फ्रिजमध्ये ठेवायची.

आणि हे सगळं घरातल्यांसाठी. दारात येणाऱ्या अनोळखी मुलांना घरचा खाऊ देऊ नका. अनोळखी लोक मिठाईत विष घालतात ही भीती बहुतेक अफवांवर पोसलेली आहे. 1974 साली टेक्ससमध्ये खरंच एक मूल विषाने गेलं, पण विष घालणारा त्याचा बापच निघाला. तरी आईबाप उघडा खाऊ कचऱ्यात टाकतात, त्यात तुमची निगुतीने वळलेली बोटंही जातात. बाहेरच्यांसाठी बंद पाकिटं ठेवा, आणि ॲलर्जीवाल्या मुलांसाठी पेन्सिली, स्टिकर. असं काही ठेवणारी घरं पायरीवर निळसर-हिरवा भोपळा ठेवतात. तो पाहिला की ती मुलं बेधडक बेल वाजवतात.